उपऱ्याच्या गळ्यातली झोळी

आपण ओलीस आहोत, ही बातमी नोगोलामा गावाला रेडिओवरून कळली.

चर्चच्या पायरीवर चारपाच जण विड्या ओढत बसले होते. राजधानीतली बाई गोड आवाजात सांगत होती, की सशस्त्र टोळीने डोंगरातली गावं वेठीस धरली आहेत, शेकडो निरपराध नागरिक ओलीस आहेत आणि सरकार लवकरच योग्य ती पावलं उचलणार आहे. नालिन्से मावशीने विडी तोंडातून काढली.

"कुठलं गं गाव हे? बिचारे!"

"आपलंच, मावशी," तेरिना म्हणाली.

"अगं बाई! आणि मी मेली सकाळपासून रताळी खणतेय. ओलिसाला काम करावं लागतं का गं?"

सगळे हसले. तेरिनाही हसली, पण तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं. हम्सा हसला नव्हता. बातम्या संपेपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला आणि मग उठून मुकाट्याने घरी गेला. तो ऐकत असताना आणखी कोणकोण त्याच्याकडे बघत होतं, हेही तिने पाहून ठेवलं. त्या दिवसांत गावाला तोच एक उद्योग होता.

झालं होतं ते एवढंच. तीन आठवड्यांपूर्वी रानातली पोरं, म्हणजे आपला मुलूख वेगळा करायला बंदूक घेऊन डोंगरात गेलेली आपलीच पोरं, खाली उतरली आणि पुलाजवळ झाडं पाडून त्यांनी रस्ता बंद केला. भांडण सोन्याच्या खाणीशी आणि लष्कराशी आहे म्हणाली, तुम्ही आपले, घाबरू नका, फक्त कोणी खाली जायचं नाही. खाली लष्कराने दुसरा अडसर घातला. तांदळाची गोणी वर सोडायची नाही, ती रानातल्यांच्या पोटात जाईल. झालं! एकाने आत कोंडलं, दुसऱ्याने बाहेरून कडी घातली, आणि दोघंही म्हणतात, तुमच्याच भल्यासाठी. गावातलं मीठ संपलं, तेल संपलं. इथल्यांची निदान रताळी तरी जमिनीत होती. खाणीच्या नदीतली वाळू धुऊन सोन्याचे कण शोधायला दूरच्या बेटांवरून जे उपरे आले होते, त्यांचे हाल कुत्रा खाईना.

आणि त्यांच्यावर संशय होताच. उपरे म्हणजे लष्कराचे डोळे, असं रानातल्यांचं ठाम मत. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन गोळा झाले. चौथ्या दिवशी एका उपऱ्याच्या अंथरुणात दुसरा फोन सापडला. त्याला चौकशीसाठी रानात नेलं. चौकशी अजून चालू असावी, कारण माणूस काही परत आला नाही.

हम्सा उपराच, बुटॉन बेटाचा. सहा वर्षांपूर्वी वाळू धुवायला म्हणून आला आणि तेरिनाच्या चुलीपाशी राहिला. रताळी लावायला शिकला, इथली भाषा शिकला, लहान मुलांच्या शिव्यासुद्धा शिकला. डुक्कर तेवढं खात नसे. गावजेवणाला तापल्या दगडांवर डुक्कर शिजे, तेव्हा त्याची कोंबडी वेगळ्या खड्ड्यात शिजत असे आणि ती पळवायला नालिन्से मावशी टपलेली असे.

त्या फोनवाल्या उपऱ्याला रानात नेलं, त्याच दुपारी तेरिनाने एक काम केलं. स्वतः विणलेली झोळी घेतली, हम्साला हाताला धरून पुलापर्यंत नेलं आणि तिथे बंदूकवाल्या सगळ्या पोरांसमोर ती झोळी त्याच्या गळ्यात घातली.

आता झोळी म्हणजे काही नुसती पिशवी नव्हे. नोकेन म्हणतात तिला. झाडाची साल सोलायची, मांडीवर वळून तिचा दोरा करायचा आणि गाठीवर गाठ घालत महिनोन्महिने विणायची. प्रत्येक कुळाची वीण वेगळी आणि प्रत्येक बाईची गाठ वेगळी. खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल, ही कुणाच्या हातची. बाईने आपल्या हातची झोळी चारचौघांत कुणाच्या गळ्यात घातली, की तो तिच्या कुळाच्या पंखाखाली आला. मग त्याला हात लावायचा तर अख्ख्या कुळाशी वैर घ्यावं लागतं.

पोरांचा म्होरक्या एलमिनुस, तेरिनाचा मामेभाऊ. तो ऊस सोलत बसला होता. उठून आला आणि झोळीची वीण बोटांनी चाचपू लागला.

"हे काय ताई?"

"दिसतंय ते."

"दाजी उपरे आहेत."

"असू देत. झोळी माझी आहे."

एलमिनुसने झोळीचा पट्टा हम्साच्या मानेवर नीट बसवला. लाडाने बसवावा तसा. "दाजी, ही उतरवू नका हं. झोपतानासुद्धा नाही," तो म्हणाला. मग तेरिनाकडे वळला. "आणि ताई, उद्या यांच्याकडे काही निघालं, तर मला झोळी दिसणार नाही. आणि मग तू मध्ये पडू नकोस."

परतताना हम्सा तिला म्हणाला, "जीव वाचवलास." ती म्हणाली, "तूही वाचव म्हणजे झालं." त्या एका गोष्टीखेरीज तिला काही नको होतं. मीठ नको, तांदूळ नको, स्वातंत्र्य नको आणि सरकारही नको. नवरा जिवंत घरात हवा होता.

आणि नेमका त्यानंतर हम्सा पहाटे डोंगरावर जायला लागला.

नमाज तो रोज पढायचा, पण घरामागच्या झऱ्यापाशी. आता उजाडायच्या आत वर केतकीच्या रानात जायचा आणि उन्हं आल्यावर परतायचा. विचारलं तर म्हणे, "वर शांत असतं." नालिन्से मावशीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "काय गं, तुझ्या नवऱ्याचा देव डोंगरावर राहायला गेला का?" असं तिने पाणवठ्यावर सगळ्या बायकांत विचारलं. तेरिनाच्या मनात पाल चुकचुकलीच.

त्याच दुपारी हेलिकॉप्टर आलं आणि गावावर कागदांचा पाऊस पडला. निरपराध नागरिकांनी शांत राहावे, मदत येत आहे, असं त्यावर छापलं होतं. मावशीने दहाबारा कागद गोळा केले, एक फाडून विडी वळली आणि म्हणाली, "मदत आली गं. पातळ आहे, पण जळते चांगली." हम्सा मात्र एक कागद हातात धरून पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याला त्यात काही नवं वाटत नव्हतं, हे तेरिनाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच्या मागोमाग गेली.

तो केतकीच्या रानापलीकडे, कड्यावरच्या एका दगडावर उभा होता. हात उंच केलेला. हातात फोन.

"हम्सा!"

फोन त्याच्या हातून पडता पडता राहिला.

"तू तर फोन दिला होतास त्यांना."

"फुटका दिला. हा ठेवला."

"कशाला?"

"दादाशी बोलायला. तो खाली तिमिका शहरात आहे ना. इथून कधीमधी मेसेज जातो."

"काय मेसेज? दाखव."

"नको, तेरिना."

"दाखव म्हणते ना!"

हम्साने फोन पाठीमागे धरला. "तुला कळलं तर तू एलमिनुसला सांगशील," तो म्हणाला.

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अच्छा! म्हणजे एलमिनुसला सांगण्यासारखं काहीतरी आहे तर!"

"तसं नाही गं. मला एक गोष्ट कळलीय. ती तुला कळली तर तू कात्रीत सापडशील. एकीकडे तुझे लोक, एकीकडे मी."

"सहा वर्षं 'आपले लोक' होते. आज 'तुझे' झाले होय?"

"तेरिना, ऐक..."

"काय ऐकू? मी माझ्या हातची झोळी तुझ्या गळ्यात घातली, कुळाची अब्रू घातली, आणि तू तिच्याआडून हेरगिरी करतोस? शेवटी तू उपराच निघालास. येईल ना तुझं लष्कर, बस त्यांच्या गाडीत आणि हो चालता!"

हम्साचा चेहरा उतरला. "तुलाही तसंच वाटतं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"हो. वाटतं," ती म्हणाली.

वाटत होतं की नव्हतं, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण रागात माणूस कुठे तपासून बोलतो? हम्साने फोन झोळीत टाकला आणि तो एकटाच उतरून गेला. ती मागे थांबून रडली आणि मग दुसऱ्या वाटेने उतरली, पुलाच्या बाजूने. तिथे एलमिनुस वाटेतच बसला होता, मांडीवर बंदूक ठेवून.

"ताई, दाजी पहाटे वर कुठे जातात गं?"

तिने एक शब्द उच्चारला असता तर ती मोकळी झाली असती. कुळाशी इमान राहिलं असतं, झोळीचा कलंक पुसला असता. आणि हम्साची चौकशी सुरू झाली असती.

"पोट बिघडलंय त्याचं," ती म्हणाली. "तेल नाही, मीठ नाही, सकाळ-संध्याकाळ नुसती रताळी. बेटावरच्या माणसाला झेपतात होय? तुझ्याच नाकाबंदीची कृपा. बघायचंय काय करतो ते? जा की वर. वाट विचारावी लागायची नाही, वास येईलच."

पोरं खो खो हसली. एलमिनुसही हसला, पण डोळे हसले नाहीत. "उद्या मीच जातो दाजींच्या सोबत," तो म्हणाला. "आजारी माणसाने एकट्याने फिरू नये."

घरी येऊन हे हम्साला सांगायचं होतं. फोन पुरून टाक, उद्या वर जाऊ नकोस, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिला वाटलं, त्याने आधी बोलावं. त्यालाही तेच वाटत असणार. दिवसभर दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. माणसं आपल्याच घरात अशी मूर्खासारखी वागतात, त्यासाठी कुणाच्या बंदुकीची गरज नसते.

सकाळी एलमिनुस आलाच नाही. त्याच्याआधी लष्कर आलं.

तांबडं फुटताना दोन्ही कड्यांवरून गोळ्या सुटल्या. तासभर खोरं दणाणलं. रानातली पोरं जशी आली होती तशी कड्यापलीकडे पसार झाली, आणि उन्हं अंगणात उतरली तेव्हा सैनिक घराघरात शिरून लोकांना चर्चच्या मैदानात हाकत होते. मैदानात दोन रांगा केल्या. उपऱ्यांची वेगळी, इथल्यांची वेगळी. यादी नंतर, आधी कातडी आणि केस बघून. हम्साला तेरिनाच्या शेजारून उचलून पलीकडच्या रांगेत उभं केलं.

कॅप्टन तरुण होता, बोलायला मऊ. त्याने इथल्यांना सांगितलं, "तुमची सुटका झाली आहे. घाबरू नका. आज आधी बाहेरच्या लोकांना खाली नेतो. तुमच्यासाठी नंतर गाड्या येतील."

"आम्ही कुठे जाणार? आमची रताळी इथे आहेत," नालिन्से मावशी पुटपुटली. कॅप्टनजवळ एक पोलीस शिपाई उभा होता, शेजारच्याच खोऱ्यातला. त्याने हे लगेच सरकारी भाषेत करून कॅप्टनला सांगितलं, तशी मावशीने जीभ चावली. म्हणजे कुजबुजायचीही सोय नव्हती.

खालच्या नातेवाइकांनी दिलेली उपऱ्यांची नावं कॅप्टन वाचू लागला. नाव पुकारलं की माणूस पळत जाऊन ट्रकमध्ये चढायचा. शेवटी हम्सा एकटा उरला.

"हम्सा. नाव आहे तुझं, पण खोडलेलं आहे. तुझ्या भावाने काल स्वतः ठाण्यात येऊन खोडलं. का रे?"

हम्साने झोळी छातीशी धरली. एका सैनिकाने झोळीत हात घातला आणि फोन काढला. कॅप्टनने तो उघडला आणि वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"'दादा, लष्कर येणार ते समजलं. माझं नाव यादीतून काढ. बायको इथे आहे. मी हिच्याच लोकांत राहणार. पुन्हा विचारू नकोस.'"

शिपायाने त्याचं भाषांतर करायची तेरिनाला गरज नव्हती. तिला कळलं होतं. इतका आनंद आणि इतकी भीती एकाच वेळी अंगात मावेना तिच्या. हा तिच्यासाठी राहणार होता. आणि तिने त्याला हेर म्हटलं होतं.

"छान," कॅप्टन म्हणाला. "सगळे उपरे गाडीत बसायला रडतायत आणि तुला इथे राहायचंय. टोळीने सगळ्यांचे फोन घेतले, तुझा तेवढा राहिला. आम्ही येणार हे तुला आधीच माहीत. आणि ही पिशवी? उपरे घालत नाहीत हे."

शिपाई पुढे आला, त्याने वीण चाचपली. "साहेब, ही म्होरक्या एलमिनुसच्या नात्यातली वीण आहे."

"याला वेगळा घ्या," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज तसाच मऊ होता. दोन सैनिकांनी हम्साचे हात मागे ओढले.

वेगळा घेतलेला माणूस कुठे जातो, हे खोऱ्यात सांगावं लागत नाही.

तेरिना रांगेतून बाहेर पडली. सैनिकाने बंदूक आडवी धरली, ती खालून वाकून निघाली आणि तिने हम्साच्या गळ्यातली झोळी हिसकली, इतक्या जोरात की त्याच्या मानेला ओरखडा उठला.

"चोर मेला! माझी झोळी घालून मिरवतोय!"

"तू कोण?" कॅप्टनने विचारलं. "याची बायको?"

"बायको? कुणाची? याची?" ती मोठ्याने हसली. "चार वेळा रताळी शिजवून घातली तर हा मला बायको समजायला लागला. असल्यांना कुठलीही बाई बायकोच वाटते, साहेब."

शिपायाने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तिच्याच भाषेत विचारलं, "खरं बोल, बाई. डुकरं किती आली तुझ्या घरी?"

डोंगरात यालाच लग्न म्हणतात. नवऱ्याकडून डुकरं आली नाहीत, तर ते लग्नच नव्हे. हम्सा डुकराला शिवत नसे, म्हणून त्याने चर्चच्या छपराचे पत्रे आपल्या पाठीवर वाहून आणले होते, अकरा खेपा, आणि वडीलधाऱ्यांनी हसत हसत ते मान्य केलं होतं. सगळं मैदान त्याच पत्र्यांच्या सावलीत उभं होतं.

"एकही नाही," तेरिना म्हणाली. "विचारा कुणालाही."

शिपायाने रांगेकडे पाहिलं. एवढ्यात नालिन्से मावशीला कंठ फुटला.

"एक कान नाही आला डुकराचा! हा कसला आमचा? आमचं डुक्कर खात नाही, आमच्या देवाला हात जोडत नाही, आणि वर माझ्या कोंबड्या चोरतो! बाईच्या मागे मागे फिरतो नुसता, कुत्र्यासारखा. रानातली पोरं तर याला मारणारच होती. न्या हो साहेब याला, आमची ब्याद जाईल!"

शिपाई हसायला लागला. "साहेब, बाईच्या नादी लागलेला येडा आहे. हे लोक याला घरातला धरत नाहीत. इथे डुकरांशिवाय लग्न नाही." कॅप्टनने फोन पुन्हा एकदा पाहिला, हम्साकडे पाहिलं, आणि कंटाळून हात हलवला. सैनिकांनी हम्साला सोडलं आणि ट्रककडे ढकललं. वरून उपरे फिदीफिदी हसत होते.

हम्सा ट्रकच्या फळीपाशी थांबला आणि वळला. तेरिनाने त्याचा चेहरा पाहिला. तिला वाटलं होतं, त्याला कळलं असेल. सहा वर्षं एका चुलीपाशी बसलेला माणूस, त्याला नाही कळणार तर कुणाला? पण त्या चेहऱ्यावर कालचीच सकाळ होती.

"हे आधीच सांगायचं होतंस," तो इथल्याच भाषेत म्हणाला. "मी कशाला राहिलो असतो?"

शिपाई दोघांच्या मध्ये उभा होता, कान टवकारून. डोळ्याने खुणावायचीसुद्धा सोय नव्हती.

"आता सांगितलं ना," तेरिना म्हणाली. "जा."

तो चढला. ट्रक धूर सोडत निघाले आणि पाडलेल्या झाडांना वळसा घालून पुलापलीकडे गेले. तो एकदाही मागे वळला नाही. मावशीने तिच्या दंडाला धरलं, नाहीतर ती तिथेच बसली असती.

"वाचला गं पोरी," मावशी कानाशी म्हणाली. "काय नाटक केलंस! क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं."

"त्याला अजून वाटतंय, मावशी," तेरिना म्हणाली.